एक जूनची मुलगी

शालेय क्रीडा स्पर्धांच्या मैदानावर दोन टेबलं असतात. एकावर गुण लिहितात, दुसऱ्यावर खेळाडूंचं वय तपासतात. पहिल्या टेबलावर चहा वेळेवर येतो. दुसऱ्यावर पुढाऱ्यांचे फोन येतात, लांबच्या ओळखी निघतात आणि अधूनमधून शिव्या येतात. जुन्नर-आंबेगावच्या मैदानांवर मी बारा वर्षं दुसऱ्या टेबलावर बसले. नोकरी हायस्कुलात क्रीडाशिक्षिकेची. हे काम वरचं, आणि दुसऱ्या कुणालाच नको होतं म्हणून माझ्याकडे आलेलं.

काम सोपं वाटतं. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट असतात. खेळाडूने शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणायचा, आपण तारीख बघायची, सही करायची. पण निवड झाली की दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, शाळेचं नाव पेपरात येतं, सरांचा सत्कार होतो. त्यामुळे बारावी नापास होऊन दोन वर्षं टेम्पो चालवणारा मुलगा सतरा वर्षांखालच्या कबड्डीत उतरतो. त्याचा उतारा एकदम स्वच्छ असतो. स्वच्छ उतारा दिसला की मी सावध व्हायची.

म्हणून मी कागद शेवटी बघायची. आधी मनगट, मान, मग दात. बाराव्या वर्षाच्या सुमारास मागची दाढ येते, तेवढं तरी कळतं. आणि मग एक प्रश्न विचारायची, "पहिलीला बाई कोण होत्या?" खरं मूल पटकन नाव सांगतं आणि हसतं. पढवून आणलेलं मूल आपल्या सरांकडे बघतं.

एका कबड्डीपटूची दाढी करून हिरवी पडलेली हनुवटी बघून मी विचारलं होतं, "हे काय रे?" तो म्हणाला, "अंगात उष्णता हाय मॅडम." तेवढ्यात प्रेक्षकांतून तीन वर्षांची एक पोर "पप्पा" म्हणत पळत आली आणि त्याच्या पायाला मिठी मारली. त्याचे सर क्षणभरही न अडखळता म्हणाले, "पुतणी आहे. त्यांच्याकडे चुलत्याला पप्पाच म्हणतात." एका मुख्याध्यापकांनी तर लेखी पत्र दिलं होतं, 'सदर विद्यार्थी दिसतो तेवढा मोठा नाही.' ते पत्र मी जपून ठेवलंय.

आणि एक जून. आमच्याकडे ज्याची जन्मतारीख घरात कुणाला सांगता येत नाही, त्याची तारीख शाळेत एक जून लिहितात. सहा वर्षं मागे मोजायची, एक जून टाकायचा, की मूल पहिलीत बसतं. एकेका वर्गात दहा-दहा मुलं एकाच दिवशी जन्मलेली. त्यातली बरीच खरोखर त्या वयाची असतात, पण टेबलावर बसणाऱ्या माणसाला एक जून दिसला की पेन खाली ठेवावंच लागतं. मीही ठेवायची.

प्रज्ञा एक जूनची होती.

ती पहिल्यांदा टेबलापुढे आली तेव्हा आठवीत होती. बोरी बुद्रुकची, शाळा महामार्गालगतची. बास्केटबॉल खेळणाऱ्या शाळा आमच्याकडे बोटांवर मोजण्याइतक्या, म्हणून दोन्ही तालुक्यांच्या स्पर्धा एकत्रच व्हायच्या. माझी एक वही असते, तीत मी प्रत्येक खेळाडूची उंची, दात आणि कागदावरची जन्मतारीख लिहून ठेवते. प्रज्ञापुढे लिहिलंय, चार फूट दहा, मागची दाढ नाही. कागदावर तेरा पूर्ण. म्हणजे वय लपवलेलं नाही, असं म्हणून मी सही केली आणि पुढच्या मुलीला बोलावलं. तेरा वर्षं पूर्ण होऊनही दाढ का नाही, हे मी स्वतःला विचारलं नाही. इतकी वर्षं मी फक्त एकाच बाजूची लबाडी शोधत होते.

त्या वर्षी ती मैदानावरची सगळ्यात बुटकी मुलगी होती. चेंडू गुडघ्याखाली टप्पे देत पुढे आणायची, वर न बघता पास द्यायची, आणि उंच मुली तिच्यावर धावल्या की त्यांच्या काखेखालून निघून जायची.

मग कोरोना आला, मैदानांवर गवत वाढलं. तीन वर्षांनी स्पर्धा भरल्या तेव्हा त्याच शाळेची, त्याच नावाची मुलगी टेबलापुढे उभी राहिली. पाच फूट नऊ.

मी वही काढली. तीन वर्षांत अकरा इंच. कागदावर सोळा. आमच्याकडच्या मुली चौदा-पंधराला उंचीत थांबतात.

"पहिलीला बाई कोण होत्या?"

तिने तिच्या सरांकडे बघितलं नाही, पण खाली बघितलं. "न्हाई आठवत मॅडम. पहिलीला आमी डिंगोऱ्याकडं व्हतो. मी लई ल्हान व्हते."

"पहिलीतली सगळीच मुलं लहान असतात. घरी मोठी बहीण आहे?"

"हाय. करुणा."

"ती खेळायची?"

"न्हाई. माझ्यापेक्षा बुटकी हाय ती."

"बोलव तिला."

"नाशिकला नर्सिंगला हाय."

"सोयीचं आहे," मी म्हटलं.

तिचे सर म्हणजे भोर सर. चांगला प्रशिक्षक, पण बोलायला लागले की थांबत नाहीत. "मॅडम, ओ मॅडम, एक डाव खेळताना बघा तिला, मग बोला. चेंडू आणते तीच, लांबून टाकते तीच, रिंगखाली उडी मारते तीच. पाचातल्या कुठल्याही जागेवर उभी करा. वीस वर्षांत मला अशी पोरगी मिळाली नाय."

"म्हणूनच विचारतेय सर."

मी तिचा सकाळचा सामना बघितला आणि माझा संशय पक्का झाला. न खेळणाऱ्यांसाठी सांगते. बास्केटबॉलमध्ये उंच मुलीला लहानपणापासून रिंगखाली उभं करतात, तिला चेंडू आणायला कुणी देत नाही. त्यामुळे उंच मुलीचे हात सहसा जड असतात. बुटक्या मुलीचे हात तयार होतात, पण ती रिंगखाली उपयोगाची नसते. ही मुलगी दोन्ही करत होती. एका अंगात दोन मुली. त्यावरून मी ठरवलं की एका नावावर दोन मुली आहेत. आठवीत आलेली धाकटी, आणि आता आलेली थोरली. ते हात आठवीतल्या मुलीचेच आहेत, आणि फक्त खांदे वर गेलेत, हा सरळ अर्थ समोर होता. मला तो दिसला नाही.

मी तिच्या नावापुढे 'निर्णय राखीव' लिहिलं. म्हणजे मूळ रजिस्टर बघेपर्यंत खेळायचं नाही. दुपारी अंतिम सामना होता. त्यातून जिल्ह्याचा संघ निवडायला निवड समितीची माणसं पुण्याहून आली होती. प्रज्ञा बाकावर बसली, मांडीवर दप्तर. भोर सरांचा संघ सहा गुणांनी हरला. सामना संपल्यावर ती माझ्या टेबलावरून गेली. तिची आई मात्र मैदानाच्या तारेजवळ उभी राहून माझ्याकडे एकटक बघत होती. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून बघतेय.

भोर सर म्हणाले, "उद्या सकाळी उतारा आणून देतो." प्रशिक्षकाने आणलेल्या उताऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. म्हटलं, "मी जाते."

तिच्या शाळेतलं रजिस्टर बोरीच्या प्राथमिक शाळेच्या दाखल्यावरून लिहिलेलं होतं. बोरीचं रजिस्टर डिंगोऱ्याच्या पुढच्या एका वाडीवरच्या शाळेच्या दाखल्यावरून. तारीख अशी एका शाळेतून दुसरीत जाते आणि प्रत्येक ठिकाणी आणखी खरी होते. वाडीवरची शाळा आता बंद आहे, म्हणून नाव सांगत नाही. मला तिथला रस्ता माहीत होता. पहिल्या शाळेचं नाव वाचल्यावरच मी जरा थांबले होते. कायमच्या नोकरीआधी एक वर्ष मी त्या शाळेत मानधनावर शिकवलं होतं. पण तिथून किती मुलं गेली असतील, असं म्हणून मी स्कूटर सुरू केली.

बंद शाळेची दप्तरं केंद्रशाळेत ठेवलेली होती. तिथल्या शिपायाने पोषण आहाराच्या तांदळाच्या गोण्यांमागचं कपाट उघडून दिलं आणि म्हणाला, "बघा, तुमी आन तुमचं नशीब."

पान सापडायला वेळ लागला नाही. एकाखाली एक पाच नावं. पाचांची जन्मतारीख एक जून. रजिस्टर नंबरातल्या इंग्रजी साताला मधोमध आडवी रेघ. आमच्या घरात माझ्या वडिलांपासून सगळे सात तसा काढतात. अक्षर माझं होतं.

तांदळाच्या गोणीवर बसून मी ते पान वाचलं.

त्या वर्षी शाळेचा पट सतरा होता. वीसच्या खाली पट गेला की शाळा बंद होणार अशी हवा होती. मुख्य गुरुजी शांत माणूस. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला रजिस्टर दिलं आणि म्हणाले, "टीचर, वाडीवर हिंडून या. सहाची असोत नसोत, दप्तर उचलता येतं अशी पाच पोरं आणा. शाळा गेली तर ही सगळीच पोरं डोंगर उतरून चार किलोमीटर जायची न्हाईत." मी हिंडले. पाच आणली. त्यातली एक आईच्या कडेवर आली होती. तिची मोठी बहीण तिसरीत होती, आणि आई कामाला गेली की धाकटीला सांभाळायला तीही शाळा बुडवायची. धाकटीचं नाव घातलं तर दोघी येतील, असा माझा हिशेब. मी सहा वर्षं मागे मोजली आणि एक जून लिहिला. तिला घरी छकुली म्हणायचे, आम्हीही तेच म्हणायचो. दुपारी ती माझ्या टेबलाखाली पोत्यावर झोपायची. तिचं कागदावरचं नाव मी त्या दिवशी एकदाच लिहिलं असेल.

पहिलीच्या बाई कोण होत्या, हे तिला आठवत नव्हतं, कारण ती तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती.

मी तिथून सरळ बोरीला गेले. प्रज्ञाची आई शोभाताई शेडखाली कांदा निवडत होती. मी फाटकाशी गाडी लावली आणि ती उठून म्हणाली, "या टीचर."

हायस्कुलात, मैदानावर, सगळीकडे मला मॅडम म्हणतात. टीचर फक्त त्या वाडीवर म्हणायचे.

"तुम्ही मला ओळखलं होतं?"

"न वळखाया काय झालं? जाड झाल्या जरा, येवढंच."

"मग काल तिथे होतात, बोलला का नाहीत?"

तिने हातातला कांदा बाजूला टाकला. "काय बोलू? चार मास्तरांत म्हनू, की बाई, तुमीच लिवलं आन तुमीच इच्यारताय? मला वाटलं तुमाला समदं याद आसंल. वळख दावायची नसंल तुमाला."

मी कामाचं विचारलं. "खरी जन्मलेली कधी?"

"तारीख कुनी लिवली न्हाई. घरीच झाली. कांदा काढायला आलेला. चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत न्येली तवा दीड म्हयन्याची व्हती, निळं टोपडं घातल्यालं. करुणा तवा चार वर्सांची. तुमी नाव घातलं तवा हिला पाचवं लागलं व्हतं."

मी मनात मोजलं. कागदापेक्षा एक वर्ष नऊ महिन्यांनी लहान. म्हणजे आठवीत सगळ्यात बुटकी होती ती मुलगी साडेअकरा वर्षांची, तेरा-चौदाच्या मुलींमध्ये. त्यांच्या काखेखालून निघण्याशिवाय तिला दुसरा मार्गच नव्हता. तिचे हात तिथे तयार झाले. आणि बाकीच्या मुली वाढायच्या थांबल्या तेव्हा ती वाढायला लागली. मी जिला दोन मुली समजले, ती एकच होती, फक्त चुकीच्या वर्गात बसवलेली.

प्रज्ञा घरामागे होती. सरपणाच्या ढिगापलीकडे खांबाला सायकलची रिंग बांधलेली, तीत चेंडू टाकत होती. मला बघून थांबली.

"खेळायला देनार का मॅडम?"

"देणार."

"आता काय उपेग? निवड झाली की काल."

ते खरं होतं. मी दुसऱ्या दिवशी 'पात्र' लिहिलं, पण जिल्ह्याचा संघ निवडून झाला होता. कागदाप्रमाणे सतरा वर्षांखालचं तिचं ते शेवटचं वर्ष. खऱ्या वयाने तिच्याकडे अजून दोन वर्षं होती. ती मी तिच्याकडून दोनदा घेतली, एकदा पेनाने आणि एकदा संशयाने.

तारीख दुरुस्त का केली नाही, असं कुणी विचारेल. मी सांगते. वय कमी करून मागणारा अर्ज आला की तो चोराचा, हे या भागातल्या निम्म्या शिक्षकांना मीच शिकवलं होतं. खेळात नाव होतंय आणि मुलगी म्हणते मी दोन वर्षांनी लहान आहे, हा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी हसून परत केला असता. शिवाय खोटी नोंद कुणी केली, हा पुढचा प्रश्न होता. मी गप्प बसले. भोर सरांना एवढंच सांगितलं की मूळ रजिस्टर बघितलं, बरोबर आहे. टेबलावरचं माझं ते एकमेव खोटं, आणि ते बिनबोभाट खपलं. माझ्यावर कुणी संशय घेत नव्हतं.

पुढचं पेपरात आलेलं आहे. प्रज्ञा एकोणीस वर्षांखालच्या गटातून राज्याला गेली, शिबिरांना गेली. उंची पाच अकरा झाली. जिथे गेली तिथे कुणी तिला चेंडू आणायला लावलं, कुणी रिंगखाली उभं केलं, आणि ती दोन्हीकडे टिकली. यंदा दक्षिणेतल्या एका व्यावसायिक संघाने तिला बोलावलं. करार तयार होता. फक्त वैद्यकीय तपासणी बाकी.

तिचा फोन मधल्या सुट्टीत आला. "मॅडम, इथल्या डॉक्टरांनी मनगटाचा एक्स-रे काढला. म्हणतात वाढीची रेघ अजून पुरती बुजलेली नाही, कागदावर वीस आणि हाड अठराचं. मॅनेजर विचारतात, हे पेपर कुणाचे? मोठ्या बहिणीचे आणलेत का?"

अगदी माझाच प्रश्न. फक्त उलट्या बाजूने.

"आठ दिवसांत खुलासा मागितलाय. नाहीतर करार रद्द. सर म्हणतात, ते दुसरा दाखला काढून देतील."

भोर सरांना मी लगेच फोन लावला. ते म्हणाले, "अहो, एक कागद करायचाय, त्यात काय? माझ्या वळखीचा मानूस हाय."

"सर, खोट्यावर दुसरं खोटं चढवलं की पोरगी कायमची जाईल. काही करू नका. चार दिवस शांत बसा. जमेल तेवढं."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तहसील कचेरीपुढे टायपिंग करून देणाऱ्याकडे गेले. प्रतिज्ञापत्र करायचं होतं. मी सांगत गेले, तो टाइप करत गेला. 'मी अमुक शाळेत मानधनावर शिक्षिका असताना शाळेचा पट भरण्यासाठी कुमारी प्रज्ञा हिचे वय वाढवून खोटी जन्मतारीख लिहिली.' त्याची बोटं थांबली.

"बाई, 'अनवधानाने' टाकू का? समदे टाकतात."

"अनवधानाने नव्हतं. 'जाणूनबुजून' लिहा."

"नोकरीवर हात यील."

"लिहा."

त्याने लिहिलं. खाली मी त्या पानाची प्रत जोडली, अक्षर ताडून बघता यावं म्हणून माझं अलीकडचं हस्ताक्षर जोडलं, आणि आठवीतल्या वहीचं पानही, चार फूट दहा, मागची दाढ नाही. तिची खरी तारीख मला माहीत नाही, हेही लिहिलं. शोभाताईने वेगळ्या कागदावर जयंतीच्या मिरवणुकीचं लिहून दिलं आणि अंगठा नाही, सही केली.

सहाव्या दिवशी प्रज्ञाचा निरोप आला. हाडाचा खुलासा त्यांना पटला. करार कागदावरच्या तारखेप्रमाणेच झाला, कारण आधार आणि पासपोर्ट तेच सांगतात. म्हणजे ती कायम पावणेदोन वर्षं जास्तीची राहणार. उद्या तिला कुणी 'वय झालं' म्हणेल तेव्हा ते पावणेदोन वर्षं लवकर म्हणेल. कुणी मला म्हणतं, बाई, तुम्ही तिला मोठ्या मुलींत ढकललं म्हणून ती अशी घडली. मी ते मानत नाही. बाकीच्या चौघांनाही मी ढकललं होतं. त्यांचं काय झालं, मला माहीत नाही.

मला शिक्षण खात्याची नोटीस आली, मी उत्तर दिलं, पुढचं चालू आहे. टेबलावरून मी स्वतःहून उठले. यंदा तिथे एक तरुण सर बसतात. मुलांना बघून हसतात. मला त्यांची काळजी वाटते.

या सणाला प्रज्ञा चार दिवस घरी आली. मी बोरीला गेले आणि जाताना वही आणि टेप नेला. तिला दाराच्या चौकटीला उभं केलं.

शोभाताई हसली. "आजून इस्वास न्हाई टीचरांचा."

"आहे," मी म्हटलं. "पण मोजते."

सहा फूट भरली. मी वहीत नवी ओळ घातली. नाव, उंची, दात. पुढचा रकाना जन्मतारखेचा. प्रज्ञा वरून वाकून बघत होती.

"आता काय लिहिनार मॅडम?"

मी तिच्या आईकडे बघितलं. तिने मान हलवली, तिलाही तारीख माहीत नव्हती. मी पेनाला टोपण लावलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत तो रकाना मी पहिल्यांदाच रिकामा ठेवला.